विषय : ‘ई२० में चलेगा’ म्हणून विकलेलं किट ई२० पेट्रोलनेच फुगलं, त्याबद्दल

दांडिया बाजार, बडोदा
९ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या माणसाने फोन ठेवला. मी नाही, त्याने. हा सातवा फोन. सहा हिंदीत झाले, एक गुजरातीत झाला, इंग्रजीत चार ई-मेल झाले. ऑफिस पुण्यात आहे म्हणून आता मराठीत लिहिते. बडोद्याची मराठी जरा जुनाट वाटली तर चालवून घ्या. जुन्या वस्तूंचं तुम्हाला वावडं आहे हे कळलंय, पण तेवढं करा.

माल कोणता ते तुम्हाला माहीत असेलच, तुमचाच आहे. प्रीमियर पद्मिनीच्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाचं आणि सोलेक्स कार्बोरेटरचं दुरुस्ती किट. दोन डायफ्राम (पेट्रोल ओढणारे रबरी पडदे), निडल व्हॉल्व्ह, गॅस्केटं आणि अर्धा मीटर पेट्रोल पाइप. ४ ऑगस्टचं बिल, रुपये १,८५०. बाजारात साधं किट याच्या तिसऱ्या हिश्शात मिळतं. जास्तीचे पैसे मी फक्त डब्यावरच्या हिरव्या स्टिकरसाठी मोजले : ‘ई२० में चलेगा’, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरही चालेल.

१० ऑगस्टला, रविवारी, मी ते बसवलं. मीच. दर वेळी कुणीतरी विचारतं म्हणून आधीच सांगते. गाडी १९८६ ची, वडिलांची. ते गेल्यापासून मी बघते. सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन मी घातलं, हेडलाइटला रिले मी घातले, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर मिस्त्रींबरोबर उभं राहून बसवला. स्टिअरिंगजवळचा गिअर आणि पुढची सलग सीट तेवढी ठेवली आहे, त्याला हात लावायचा नाही असं आईने बजावलंय. पंपाचा डायफ्राम बसवताना लिव्हर पूर्ण दाबून धरायची आणि मगच वरचे स्क्रू आवळायचे, नाहीतर डायफ्राम ताणला जातो, हेही मला माहीत आहे. कुठून माहीत? तुमच्याच कंपनीच्या कागदावरून. वडिलांच्या कपाटात तुमचा जुना लाल पत्र्याचा डबा आहे, आता त्यात फ्यूज ठेवतो. आत घडी घातलेला कागद आहे, पंपाचं चित्र आहे, कोणता स्क्रू आधी ते आहे. नव्या डब्यात कागद नाही. एक क्यूआर कोड आहे, तो उघडला की सवलतीच्या सीट कव्हरांची जाहिरात येते.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. सकाळी आम्ही गणपती आणायला निघालो. मी, आई, मागे काका आणि चुलतभाऊ. येताना मूर्ती काकांच्या मांडीवर. खंडेराव मार्केटच्या अलीकडे गाडी झटके द्यायला लागली आणि आत पेट्रोलचा वास आला. आधी वाटलं पुढच्या रिक्षाचा असेल. मग आईने पदर नाकाला लावला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर तुमचा पाइप क्लिपच्या दोन्ही बाजूंनी शेवयांच्या पिठासारखा मऊ होऊन फुगला होता आणि तिथून पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकत होतं. मूर्तीपुढे लावायची उदबत्ती काकांच्या खिशात होती. पेटवली नव्हती एवढंच.

बाप्पा रिक्षाने घरी आले. पद्मिनीला चुलतभावाने आणि दोन अनोळखी मुलांनी ढकलत गल्लीत आणलं.

पण पाइप ही किरकोळ गोष्ट. संध्याकाळी सवयीने डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. जुन्या गाडीत ऑइल कमी होतं, आपोआप वाढत नाही. बोटाला लावून वास घेतला : पेट्रोल. पंपाची लिव्हर कॅमशाफ्टवर चालते. डायफ्रामच्या एका बाजूला पेट्रोल असतं, दुसऱ्या बाजूला इंजिन. डायफ्राम गेला की पेट्रोल इंजिनात उतरतं, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि बेअरिंगं कोरडी पडतात. मी ऑइल काढलं तेव्हा घातलं होतं त्यापेक्षा पाऊण लिटर जास्त निघालं. तुमचा डायफ्राम मिस्त्रींच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत धरून हलवला आणि एवढंच म्हणाले, “साहेब, आ तो फूली गयुं.” मलाही ते साहेबच म्हणतात, ते असो.

आता १८ सप्टेंबरच्या फोनकडे येते. हा पाचवा. आधीच्या चारांत तक्रार क्रमांक, मग नवा तक्रार क्रमांक, मग १७ आकडी चॅसिस नंबर मागितला, याशिवाय काही झालं नाही. (तुमचा फॉर्म १७ आकड्यांशिवाय पुढे सरकत नाही. माझ्या गाडीचा चॅसिस नंबर तेवढा लांब नाही. पद्मिनीचं किट विकता आणि पद्मिनीचा नंबर फॉर्ममध्ये मावत नाही, हे तुमच्याकडे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही?) १८ तारखेला ‘वरिष्ठ तांत्रिक सल्लागार’ लाइनवर आले. संभाषण आठवतं तसं लिहिते, आणि आठवतं अगदी नीट.

“गाडी बघणाऱ्या सरांना फोन देता का?”

“बोलतेय तीच बघते.”

“अच्छा मॅडम. पेट्रोल कोणतं टाकलंत?”

“पंपावरचं.”

“म्हणजे साधं?”

“साधं. पंपावर जे मिळतं ते.”

“मग मॅडम, त्यात इथेनॉल असणार.”

“असणारच. वीस टक्के.”

“हां, मग तेच कारण. इथेनॉलने रबर फुगतं मॅडम.”

मी गप्प बसले. मला वाटलं, त्याचं त्यालाच कळेल, एखादा क्षण लागेल. त्याला वाटलं मला समजावून सांगायला हवं. म्हणून त्याने सावकाश, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं : इथेनॉल म्हणजे काय, ते उसापासून कसं होतं, सरकारने ते पेट्रोलमध्ये का घातलं, जुन्या गाड्यांच्या रबराला ते कसं खातं. सगळं बरोबर होतं. एक शब्द चुकला नाही. हीच माहिती देऊन तुम्ही माझ्याकडून १,८५० रुपये घेतले होते.

मी म्हटलं, “तुमच्या डब्यावर ‘ई२० में चलेगा’ लिहिलंय.”

“हो मॅडम, लिहिलंय.”

“मग?”

“चली तो सही ना मॅडम, सत्रह दिन.”

हे वाक्य मी त्याला परत म्हणायला लावलं. त्याने परत म्हटलं. त्याच सुरात. चेष्टा नव्हती त्यात, म्हणून जास्त लागलं. ‘चलेगा’ म्हणजे आपल्याकडच्या ‘चालेल’सारखं, पाहुण्याने चहात साखर कमी पडली तर म्हणायचं तसं, अशी तुमची कल्पना असेल तर डब्यावर स्पष्ट लिहा. ‘साधारण अडीच आठवडे चलेगा.’ मी तरीही घेतलं असतं कदाचित, पण गणपती आणायला नसती नेली.

त्याचं संपलं नव्हतं. “इथेनॉल नसलेलं पेट्रोल वापरून बघा ना मॅडम.” मी विचारलं, मग ई२०चं किट कशासाठी घ्यायचं? “सेफ्टीसाठी मॅडम.” पुढे : “गाडी किती जुनी?” ३९ वर्षं. “मॅडम, १५ वर्षांनी तर गाडी स्क्रॅप करायची असते.” असं बडोद्यात कुणी सांगितलं? १५ वर्षांनी नोंदणीची मुदत संपते. फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत नेऊन दाखवून, पास झाली की पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. आमच्या गाडीचं पाच वेळा झालंय, सहावं २०२६ मध्ये आहे. ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची फी १०,००० रुपये झाली, तीही भरणार आहे. गाडीला परवानगी द्यायची की नाही ते आरटीओ ठरवेल, तुमचे सल्लागार नाही. आणि स्क्रॅपच करायची असेल तर पद्मिनीचं किट तुम्ही कुणाला विकता? भंगारवाल्यांना?

मागच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या नव्या गाड्या टो करून न्याव्या लागल्या. पद्मिनी प्लग, डिस्ट्रिब्युटर वाळवून, ऑइल बदलून चौथ्या दिवशी सुरू झाली. मगरींच्या नदीचं पाणी सोसलं तिने. तुमचा पाइप मात्र तिला सोसला नाही.

तुमच्या दोन सबबी आणखी आहेत, त्या इथेच संपवते. पहिली, फिटिंग चुकलं. वर सांगितलंय, तुमच्याच कागदाप्रमाणे बसवलं. शिवाय चुकीचं बसवलं तर डायफ्राम फाटतो, मऊ पडत नाही. आणि पाइपला बसवायचं काय असतं? दोन क्लिपा. दुसरी सबब, पेट्रोल भेसळीचं असेल. म्हणून मी तपासलं. मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पाण्याकडे जातं, खालचा थर वाढतो. १० मिलीचा थर २८ मिली झाला. १८ मिली इथेनॉल ९० मध्ये, म्हणजे वीस टक्केच. पेट्रोल जे म्हणतं तेच आहे, बाजारातली ती एकमेव वस्तू असेल.

मग किटमध्ये उरलेला पाइपचा तुकडा आईच्या लोणच्याच्या बरणीत त्याच पेट्रोलमध्ये बुडवून, झाकण घट्ट लावून, पडवीत ठेवला. आधी व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजला : १३ मिमी. अकराव्या दिवशी १४.८. शेजारी दुसऱ्या बरणीत गाड्यांच्या दुकानातून आणलेला फ्लुओरो रबरचा तुकडा ठेवला होता, तो १३ चा १३ राहिला. इथेनॉल सोसणारं रबर असतं, महाग असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही साधं नायट्राइल घातलं की आणखी काही, ते तुम्ही सांगा. मला स्टिकर हिरवा आहे एवढंच दिसतं.

माझं म्हणणं एवढंच : ई२०साठी म्हणून विकलं, ई२०ने खराब झालं, आणि खराब झाल्याचं कारण म्हणून तुम्ही ई२०च सांगता. याला उत्तर नाही तुमच्याकडे, म्हणून आज फोन ठेवला गेला.

मला हवंय ते. किटचे १,८५०. फुकट गेलेलं ऑइल आणि नवं ऑइल-फिल्टर मिळून २,३४०, बिल जोडलं आहे. आणि या बॅचची उरलेली किटं बाजारातून परत घ्या. ही शेवटची मागणी तुमच्या ई-मेलवाल्या बाईंना ‘आमच्या कक्षेबाहेरची’ वाटली. तर ऐका : पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकत होतं. पैसे द्यायच्या आधी ते करा. माझ्याकडे अशा गाड्यांवर जीव टाकणारी आठ-दहा माणसं तरी ओळखीची आहेत या शहरात, त्यांना मी आधीच सांगितलंय. बाकीच्यांना कोण सांगणार?

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगात जाते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी जिथे राहते तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याला मला यावं लागणार नाही, तुम्हाला बडोद्याला यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कालच केली. माणसं तिथे तुमच्यापेक्षा लवकर फोन उचलतात.

खरं सांगायचं तर आयोगात जायची हौस नाही. वडील दुसऱ्या कुठल्या कंपनीचा डायफ्राम घेतच नसत. दुकानदाराने स्वस्तातला पुढे केला की ते न बोलता लाल डब्याकडे बोट दाखवायचे. १९८६ सालच्या पंपात पहिला डायफ्राम तुमचा होता की नाही मला माहीत नाही, पण त्यानंतरचे सगळे तुमचे होते, आणि त्यातला एकही गणपतीत गेला नाही. आता पंपात साध्या कंपनीचा डायफ्राम आणि फ्लुओरो रबरचा पाइप आहे. कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा घातलाय, ई२०ने गाडी कोरडी चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं म्हणून. दसऱ्याला आजव्यापर्यंत जाऊन आले. वास आला नाही.

सोबत : बिलांच्या प्रती, फोटो ६, फुगलेला डायफ्राम आणि पाइपचा तुकडा डबल प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी उघडताना खिडकी उघडी ठेवा.

एक नाराज ग्राहक

ता. क. हे लिहीत असतानाच मेसेज आला : ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आम्हाला किती तारे द्याल?’ बरणी धुवून आईला परत द्यायची आहे, तिचा वास जात नाहीये. त्यानंतर बघते.