चट्टा काढला, पण दारू?

महोदय,

तोंडातला पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लाकिया (यातून पुढे कर्करोग होऊ शकतो), लेसरने किंवा शस्त्रक्रियेने काढला की आपल्याकडचा माणूस निर्धास्त होतो. तंबाखूची पुडी सुटते, पण संध्याकाळची दारू सुटत नाही. मोहाची तर ‘घरचीच’, तिचं काय एवढं! चोपडा-यावल पट्ट्यात हे सर्रास ऐकू येतं.

काढलेला चट्टा त्याच जागी किंवा शेजारी पुन्हा येऊ शकतो. दारूचं शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन बनतं, आणि ते थेट पेशींच्या डीएनएवर घाव घालतं. तंबाखूची विषं तोंडाच्या अस्तरात शिरायला दारू वाट मोकळी करते, म्हणून दोन्ही व्यसनं मिळून होणारा धोका नुसत्या बेरजेपेक्षा बराच मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला १९८८ सालीच कर्करोगकारक ठरवलं. देशी, विदेशी, हातभट्टी असा भेद त्यात नाही.

गुटखाबंदी २०१२ साली आली (टपऱ्यांवर काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे). तपासणी शिबिरांतही प्रश्न तंबाखूपाशीच थांबतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिबिरांत दारूचीही विचारणा व्हावी आणि चट्टा काढलेल्यांना दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला बोलवावं.

– एक वाचक, चोपडा