आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींना, मनापासून थँक्यू

मावशी, समोर बोलायला गेलो की तुम्ही "पुरे रे" म्हणून उठून जाता, म्हणून इथे लिहितोय, मुलीकडून वाचून घ्या.

बांद्याहून कळंगुटला हॉटेलात सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा आणि चेकलिस्ट, एवढंच होतं. पहिल्याच महिन्यात नव्या पोराने कमोडमध्ये टॉयलेट क्लीनर ओतला आणि डाग जाईना म्हणून त्यावरच ब्लीच. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन गॅस सुटतो, हे मी परीक्षेत लिहून आलेलो, पण तो वास नाकात गेल्यावर पॅसेजमध्ये नुसता उभा राहिलो. तुम्ही नाकाला पदर लावून त्याला दंडाला धरून बाहेर ओढलंत, बाल्कनीचं दार सताड उघडलंत आणि वास जाईपर्यंत कोणाला आत सोडलं नाहीत. सगळ्यांसमोर मला एक शब्द बोलला नाहीत. संध्याकाळी स्टोअरमध्ये एवढंच म्हणालात, "दोन्ही बाटल्या एका ट्रॉलीवर देतोस कशाला?" त्या दिवसापासून ब्लीच माझ्या कपाटात कुलपात असतं, सही केल्याशिवाय कोणाला मिळत नाही.

खोली उभ्याने तपासायची नाही, गेस्ट बसतो तिथे बसायचं, हेही तुमचंच. कमोडवर बसलं की दाराच्या मागचे शिंतोडे दिसतात, पलंगावर आडवं झालं की पंख्याच्या पात्याच्या कडेची धूळ. चेकलिस्टमध्ये हे कुठेच नव्हतं.

आणि चवथ! सगळ्यांना एकदम सुट्टी हवी, मी रडकुंडीला आलेलो, तर तुम्ही वही घेऊन प्रत्येकाला विचारत सुटलात, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा. दीड दिवसवाले तिसऱ्या दिवशी कामावर, पाचवाले सहाव्या दिवशी, मधले दिवस आपल्या ख्रिश्चन पोरांनी आनंदाने ओढले कारण नाताळात त्यांची ड्युटी आपण करायची ठरलेली. अजून रोस्टर तसाच लावतो मी, वहीसुद्धा तीच आहे, पहिल्या पानावर तुमचं अक्षर आहे.

तुम्ही रिटायर झाल्यापासून स्टोअरमध्ये चहाच्या वेळी तुमची जागा कोणी घेत नाही, मी सांगितलेलं नाही तरी. खरंच खूप थँक्यू, मावशी.

यंदा तुमच्याकडे पाच दिवसांचा आहे ना, दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून पेडण्याला येतो, आरतीला थांबेन. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात त्या मांडवीला, नारळाचा घड आमच्या बागेतला चवथीच्या आधीच पोचवतो, नेवऱ्या (करंज्या) तेवढ्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा.