तळमजला सोडू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बिल्डरच्या पत्राचे फोटो मिळाले. बाबा, दुसऱ्या पानाचा कोपरा कापला गेलाय, तो परत पाठवा. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मला कुणाचंच नीट कळत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. आई, तुझं म्हणणं आहे की "नकोच ते, आहे ते बरं आहे." बाबांचं म्हणणं, वरचा तर वरचा, गाळा दीडपट मोठा मिळतोय. मला दोन्ही पटत नाही. इमारत पाडून नवी करायला माझी हरकत नाही, आपल्या जिन्याची अवस्था मला माहीत आहे. पण आपलं समया-निरांजनांचं दुकान रस्त्याला लागून, तळमजल्यावरच मिळालं पाहिजे. ते कबूल होत नसेल, तर सही करू नका.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतेय, त्याला कारण आमचा रस्ता आहे. आई, तू आली होतीस तेव्हा कोलंबिया पाइकवर आपण भाजी आणायला जायचो आणि तू म्हणायचीस, "एवढा मोठा रस्ता, पण चालतंय कोण?" तू बरोबर बोलत होतीस. वॉशिंग्टनशेजारच्या आमच्या आर्लिंग्टनमधून हा रस्ता साधारण साडेपाच किलोमीटर जातो. एका बाजूला पेंटागॉन, दुसऱ्या बाजूला शेजारच्या फेअरफॅक्सची हद्द. दुकानं होती, पण सगळी मागे सरकलेली, पुढे डांबराचं पार्किंग. फुटपाथवरून चालणाऱ्याला दुकान दिसायच्या आधी गाड्यांच्या तीन रांगा दिसायच्या. कित्येक दशकं या रस्त्यावर नवं म्हणावं असं फारसं काही उभंच राहिलं नव्हतं.

2003 मध्ये काउंटीने (आर्लिंग्टन कायद्याने शहर नाही, काउंटी आहे, पण तुम्ही शहरच समजा) या रस्त्यासाठी वेगळी नियमावली केली. बाबा, तुम्हाला यात रस वाटेल. आपल्याकडे नियम आधी वापर विचारतात, निवासी की वाणिज्य, आणि मग एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते, मोजतात. इथे त्यांनी आधी इमारत रस्त्यावर कशी उभी राहील ते ठरवलं. नकाशावर एक रेषा आखली, आणि दर्शनी भिंतीचा बराचसा भाग त्या रेषेवर आलाच पाहिजे, असं सांगितलं. पुढे गाड्या लावायला जागा सोडायची नाही, पार्किंग मागे किंवा जमिनीखाली. मुख्य भागात किमान 3 मजले, बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त 6. तळमजल्याला उंच छत आणि रस्त्याच्या बाजूला मोठ्या काचा, म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरून दिसलं पाहिजे. सक्ती मात्र कुणावरच नाही. जुने नियमही तसेच ठेवले आणि सांगितलं की नव्या नियमाने बांधलंत तर परवानगी झटपट. बिल्डर वेळेला किती किंमत देतात हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आपल्या पुण्यातल्या पेठेत नेमकं उलटं झालं. रुंदीकरणाच्या रेषेने प्रत्येक नवी इमारत मागे ढकलली, आणि जुने वाडे आहेत तिथेच राहिले. म्हणून रस्त्याची कड अशी दातऱ्या विळीसारखी झाली आहे: एक वाडा पुढे, एक इमारत मागे, मधल्या खाचेत स्कूटर आणि कचऱ्याचा डबा.

नियम बदलल्यावर पाइकवर बांधकामं सुरू झाली हे खरं. जुन्या पार्किंगच्या जागी चौक झाला, लायब्ररीजवळ वस्ती वाढली, संध्याकाळी माणसं बाहेर बसलेली दिसतात. वीजतारा टप्प्याटप्प्याने जमिनीखाली घालण्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय आणि त्या खोदकामाला सगळे सारखेच वैतागलेत, त्या बाबतीत पुणं काही मागे नाही. रस्त्यावर ट्रामही येणार होती. 2014 च्या नोव्हेंबरात, विरोध करणारा उमेदवार निवडून आल्यावर, काउंटीच्या बोर्डाने तीच रद्द केली. ट्राम येणार म्हणून जागांचे हिशेब मांडून बसलेले लोक मग बसकडे बघत राहिले.

मी इथे आर्किटेक्टच्या ऑफिसात असे नकाशे रोज काढते, म्हणून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. नियमात "तळमजल्यावर दुकान" लिहिलं म्हणजे दुकानदार मिळाला, असं होत नाही. आमच्या घराजवळच्या नव्या इमारतीत एक गाळा आहे. उंच छत, चकचकीत काच, सगळं नियमाप्रमाणे. आत सिमेंटची उघडी जमीन, कोपऱ्यात गुंडाळलेली वायर आणि काचेवर भाड्याची पाटी, उन्हाने फिकी पडलेली. त्याच्या समोर, पार्किंगमागच्या जुन्या बुटक्या इमारतीत एक बाई कपडे अल्टर करून देते. आत शिरताना दार खांद्याने ढकलावं लागतं आणि शिलाई मशीनच्या मागे तिच्या मुलाची दप्तरं पडलेली असतात. तिथे नेहमी दोन-तीन गिऱ्हाईकं उभी. तिला नव्या गाळ्याचं भाडं झेपणार नाही, आणि नव्या गाळ्याला ती नको, कारण बँकेला कर्ज देताना भाडेकरू म्हणून मोठ्या साखळीचं नाव दिसलेलं आवडतं.

इथिओपियन, सल्वादोरन, बंगाली, सगळ्यांचं सामान मिळणारं वाणसामानाचं एक मोठं दुकान होतं, फूड स्टार नावाचं. ती जागा नव्याने बांधली गेली आणि 2019 पासून तिथे हॅरिस टीटर या साखळीचं सुपरमार्केट आहे. स्वच्छ, मोठं, सगळं काही मिळतं. केळफूल नाही मिळत.

याच्या आधीची गोष्ट जास्त बोलकी आहे. आमच्या इथून जवळच, आर्लिंग्टनमध्येच, क्लॅरंडन नावाचा भाग आहे. मेट्रो हायवेच्या मधून न्यावी असं आधी ठरत होतं, पण आर्लिंग्टनने हट्ट धरला की ती जुन्या बाजाररस्त्याखालून, विल्सन बुलेव्हार्डखालूनच गेली पाहिजे, खर्च वाढला तरी. स्टेशनच्या आजूबाजूला उंच इमारती, लांब जावं तसतशी उंची कमी, आणि पलीकडची घरं जशीच्या तशी. जगभरचे नियोजनकार ते बघायला येतात. आता मधला काळ बघा. सत्तरच्या दशकात मेट्रोसाठी रस्ता खणलेला, धंदे बसलेले, भाडी पडलेली. 1975 नंतर व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांनी त्याच स्वस्त गाळ्यांमध्ये दुकानं थाटली, इतकी की लोक त्या भागाला लिटल सायगॉन म्हणू लागले. 1979 च्या डिसेंबरात मेट्रो सुरू झाली, भाडी चढली, आणि काही वर्षांत ती माणसं फॉल्स चर्च नावाच्या शेजारच्या गावातल्या एडन सेंटर या बाजारसंकुलात निघून गेली. ज्यांनी वाईट काळात रस्ता जिवंत ठेवला, त्यांना चांगल्या काळात जागा उरली नाही. कुणी त्यांना हाकललं नाही. भाडेपट्टे संपले, एवढंच.

पाइकच्या वेळी निदान ही आठवण होती. 2013 मध्ये आजूबाजूच्या वस्त्यांसाठी दुसरी नियमावली केली, तेव्हा जास्त बांधकामाच्या बदल्यात परवडणारी घरं राखण्याची अट थेट नियमातच घातली. घरांसाठी. दुकानांसाठी तसं काही केलं नाही, हे माझं मत आहे आणि ऑफिसात मी ते फार मोठ्याने बोलत नाही.

आता आपलं बघू. मेट्रोचं मंडई स्टेशन सुरू झाल्यापासून आपली इमारत स्टेशनभोवतीच्या 500 मीटरच्या वर्तुळात आली. त्या वर्तुळात रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार बघून 4 पर्यंत एफएसआय जातो, म्हणून तर बिल्डर दारात आलाय, आपल्या पितळेच्या समया बघून नाही. एवढं बांधायचं तर तेवढ्या गाड्यांची सोय दाखवावी लागते. आपला भूखंड अरुंद, तळघर परवडत नाही, मग सगळा तळमजला पार्किंगला जातो आणि दुकान वर ढकललं जातं. पत्रात "पहिल्या मजल्यावर प्रशस्त गाळा" लिहिलंय, त्याचा अर्थ हा आहे. उदारपणा वगैरे काही नाही.

बाबा, तुमचं निम्मं गिऱ्हाईक येता-जाता आत शिरतं. तुळशीबागेत जाणारी बाई बाहेर टांगलेली निरांजनं बघून थांबते, हात लावते, भाव विचारते. ती जिना चढून वर येणार नाही. साडीचं किंवा सोन्याचं दुकान वर चालतं, कारण तिथे माणूस ठरवून येतो.

म्हणून बिल्डरला आधी हे विचारा: रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर गाळा देणार का, आणि त्याची दर्शनी रुंदी किती फूट? क्षेत्रफळ नका विचारू, रुंदी विचारा. मागे खोल गेलेलं दुकान कागदावर मोठं दिसतं. पार्किंग यांत्रिक करून मागच्या बाजूला घेता येतं का, हे त्याच्या आर्किटेक्टला नकाशावर दाखवायला सांगा. रुंदीकरणात किती जागा जाणार ते त्याच नकाशावर दिसलं पाहिजे. बांधकाम चालू असताना दुकान कुठे लावायचं आणि त्याचं भाडं कोण देणार, हे करारात हवं, आणि काम रखडलं तर काय, तेही. बँक गॅरंटीचं, म्हणजे त्याने शब्द मोडला तर बँक पैसे देईल या हमीचं, नाव काढल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते मला फोनवर सांगा. करार नोंदणीकृतच करायचा, आणि आधी आपल्या वकिलांना दाखवायचा. तोंडी "काका, तुमचं काम म्हणजे घरचं काम" याला काही अर्थ नाही.

आणि मागच्या खोलीतल्या शिवणकामवाल्या काकू. पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, मी दोनदा वाचलं. त्या जुन्या भाडेकरू आहेत, त्यांचा हक्क आहे, आणि आई, माझ्या दहावीच्या निरोप समारंभाचा ब्लाऊज त्यांनी एका रात्रीत शिवला होता हे तू विसरली नसशील. त्यांना बाजूला ठेवून होणारा करार आपण करायचा नाही. त्यांनाही तळमजल्यावरच जागा लागेल, लहान चालेल.

महिनाअखेरची मुदत त्याने घातलीय, नियमाने नाही. घाई करू नका. त्या कापलेल्या पानाबरोबर प्रॉपर्टी कार्डची प्रतही पाठवा, आणि जमलं तर दुकानाची दर्शनी रुंदी टेपने मोजून कळवा, शटरच्या बाहेरून. मी शनिवारी-रविवारी बसून दोन पर्याय काढून पाठवते. एकात पार्किंग मागे, एकात इमारत एका मजल्याने कमी. दुसरा त्याला आवडणार नाही.

आई, गुडघ्याचं औषध चालू आहे ना? नव्या इमारतीत लिफ्ट येईल, तेवढ्यासाठी तरी "नकोच" म्हणू नकोस.

तुमची,
मनू