राघूचं नाक

सोलापूर, रविवार

प्रिय बाळ्या,

शिव्या नंतर दे बे, आधी वाच. माझी शुगर आहे तशीच, गुडघेही. उन्हाचं विचारूच नकोस.

आईचा राघू. चोचीच्या वरची त्याची निळी नाकपट्टी आता तपकिरी पडत चाललीय. राघू म्हणजे बजी, ते छोटे रंगीत पोपट असतात ना, त्यातला. त्यांच्यात ओळखायची खूण तीच: नराची निळी, मादीची तपकिरी. झालं, गल्लीभर बोभाटा. शेजारच्या अक्कांनी तर बारशाच्या घुगऱ्या मागितल्या! आणि आई? एकदम खूश. "मला लेक नव्हती रे," म्हणते आणि पिंजऱ्याला गजरा बांधते.

हसू नकोस. तुमच्या पोपटावरून आठवीत आपला अबोला झाला होता. गळ्यात कंठी नाही म्हणजे मादीच, हा तुझा हट्ट. अरे, नरालाही ती काळी-गुलाबी कंठी यायला दीड ते तीन वर्षं लागतात, आणि तुमचं ते पिल्लू त्याआधीच उडालं. भज्यांची पैज अजून तुझ्याकडे बाकी आहे, असंच मी धरून चाललोय.

आता खरं सांगतो. इथल्या डॉक्टरांनी राघूला मुठीत धरलं, फुंकर मारून पोटावरची पिसं बाजूला केली. म्हणाले, वर्षानुवर्षं निळं असलेलं नाक तपकिरी होतंय म्हणजे नराची मादी झाली असं नव्हे. पोटातल्या वृषणात गाठ असू शकते. तिच्यातून मादीचं हार्मोन पाझरतं, म्हणून रंग फिरतो. हल्ली तो डावा पाय आखडून बसतो. गाठीनं आतून नस दाबली की तसंही होतं म्हणे.

रात्री जुने फोटो काढून बसलो. मादीचं नाकही कधीकधी फिकट निळसर असतं, पण नाकपुड्यांभोवती पांढरी कडी दिसते. ती कडी कुठेतरी सापडू दे, एवढंच शोधत होतो. संक्रांतीच्या फोटोत साहेब आईच्या बोटावर बसून हलवा टिपतायत, नाक काठापर्यंत गडद निळं. पिसं उपटून डीएनए तपासणीला पाठवली तर नर की मादी हे पक्कं कळेल. गाठीचं त्यातून काय कळणार?

आईला सांगितलेलं नाही. बायको म्हणते, पाखराचं एवढं काय घेऊन बसलात. बाबा गेल्यावर आई दिवसभर कुणाशी बोलायची, ते तू पाहिलंयस.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? चिरंजीवांना नोकरी लागल्याचं कळलं, अभिनंदन. पेढे पोचले नाहीत, असो.

तुमच्या पुण्यात खास पक्ष्यांचे डॉक्टर आहेत, ते एक्स-रे काढतात. शनिवारी पहाटे गाडी काढतो, मुक्काम तुझ्याकडे. शेंगाचटणी आणतोय. तुमचा तो बोका असेल तर त्याला कुठेतरी कोंड. पोरीला पुण्याला स्थळ दाखवायला नेतोय, असं आईला सांगणार आहे. तिचा फोन आला तर तूही तेच सांग, आणि मुलगा इंजिनियर आहे वगैरे फाटे फोडू नकोस.

तुझा,
पप्या