पाच तासांत अमेरिका?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मुलांच्या पुरवणीत दिल्ली–शिकागो विमानप्रवासाची माहिती वाचली. विमान रात्री २ ला सुटते, त्याच तारखेला सकाळी ७ ला पोचते, म्हणून प्रवास ५ तासांचा, असे छापले आहे. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ते मोठ्याने वाचले गेले आणि आमच्या शेजाऱ्याने मलाच धरले, "काऊन जी गुरुजी, मले त दारव्ह्याहून नागपूरले जाले येष्टीनं पाच घंटे लागते!"

वजाबाकी बरोबर आहे, घड्याळे मात्र दोन आहेत. तिकिटावर सुटायची वेळ इथली आणि पोचायची वेळ तिथली असते. हिवाळ्यात शिकागो आपल्या साडेअकरा तास मागे (उन्हाळ्यात साडेदहा). ते पाचात मिळवले की साडेसोळा तास होतात. माझी लेक तिकडे असते. ती पहिल्यांदा गेली त्या रात्री मी अंगणात बाजेवर बसून हाच हिशेब करत होतो, त्यामुळे पाठ आहे.

नकाशाचेही तेच. आपण दिल्लीपासून युरोप, अटलांटिक अशी सरळ रेघ मारली आहे. माझ्याकडे शाळेतून निर्लेखित झालेला पृथ्वीगोल आहे, स्टँड तारेने बांधलेला. घेर ९६ सें.मी., खऱ्या पृथ्वीचा सुमारे ४०,००० कि.मी. त्यावर दिल्ली ते शिकागो शिवणाचा दोरा ताणला, तर तो पश्चिम युरोपला न शिवता उत्तर ध्रुवाजवळून गेला. फुटपट्टीवर २९ सें.मी., म्हणजे सुमारे १२,००० कि.मी. मग तोच दोरा आपल्या रेघेवरून बोटाने दाबत नेला. भरला ३६ सें.मी., म्हणजे १५,०००! सपाट कागदावर सरळ दिसते ती वाट गोलावर लांबची पडते. एकतीस वर्षे भूगोल शिकवला, पण हे पोरांना पटायचे ते दोरा त्यांच्या हातात दिल्यावरच.

अर्थात विमान दोऱ्यावरून जात नाही. हिमालय आणि पामीरचे उंच डोंगर टाळावे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून निघालेल्या विमानांना आधी गुजरातकडे उतरून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ कमी लागतो.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. शेजाऱ्याला मी गोल, दोरा, फुटपट्टी सगळे दाखवले. चहा पिऊन तो म्हणाला, "तुमचं बराबर असन जी, पण पेपरात त पाचच छापून आलं ना!"

आपला,
एक निवृत्त जि. प. शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ