युफोर्बियाच्या चिकाबद्दलही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अजिबात काळजी लागत नाही' असे सांगून बागकामाच्या सदरांतून युफोर्बिया मिलीची, म्हणजे क्राउन ऑफ थॉर्न्सची, शिफारस नेहमी केली जाते. मूळचे मादागास्करचे हे काटेरी झाड चिवट आहे यात शंका नाही. पण कोरडेपणा सोसणारे झाड चुकीचे पाणीही सोसेल, असा समज त्यातून पसरतो आणि तोच त्याच्या मुळावर येतो.

पाण्याचा ताण पडला की हे झाड पाने गाळते. खोडात साठवलेले पाणी वाचवण्याचा तो त्याचा उपाय असतो. पाहणाऱ्याला मात्र झाड मरतेय असे वाटते आणि तो रोज पाणी ओतू लागतो. पाने नसलेले झाड पाणी फारसे ओढत नाही, माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून पाने गळाली तर आधी खोड बुंध्याशी दाबून पाहावे. कडक, किंचित सुरकुतलेले असेल तर झाड तहानलेले आहे. मऊ लागले, काळपट दिसले तर कूज चढते आहे; अशा वेळी पाणी थांबवून वरच्या कडक भागाच्या काड्या लावणे एवढाच उपाय उरतो.

पाणी ठरावीक वार पाहून घालू नये. लाकडी काडी मातीत पाच सेंटिमीटर खोल खुपसावी. कोरडी निघाली तरच तळातून वाहेपर्यंत पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. रोज कपभर पाणी देण्याची सवय सर्वांत वाईट: वरचा थर कायम ओला, तळ कोरडा. माती दोन भाग, भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे दोन भाग, कुजलेले कंपोस्ट एक भाग हे मिश्रण चांगले. कुंडी मातीची आणि मुळांच्या गड्ड्यापेक्षा थोडीच मोठी असावी. मोठ्या कुंडीतली जादा माती वाळतच नाही.

थेट ऊन पाच-सहा तास तरी हवे. सावलीत फांद्या लांबट होतात आणि फुले येत नाहीत. सावलीतले झाड उन्हात न्यायचे तर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू न्यावे, नाहीतर पाने करपतात. नत्रयुक्त खताचा मारा केला की पाने भरपूर आणि फुले मोजकी, हेही ठरलेले.

आता चीक. याविषयी फारच कमी लिहिले जाते. फांदी मोडताच पांढरा चीक ओघळतो. तो त्वचेवर जळजळ करतो आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. छाटताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि त्या हाताने चेहरा पुसायचा नाही. त्वचेवर लागलेला चीक वाळण्याआधी साबणाने धुवावा. डोळ्यात गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्या वावरात कुंडी ठेवू नये.

नवीन रोपासाठी आठ-दहा सेंटिमीटरची शेंड्याची काडी धारदार कात्रीने कापावी, खालची पाने काढावीत आणि कापलेले टोक पाण्यात बुडवून चीक थांबवावा. झाडावरच्या जखमेवरही पाणी शिंपडावे. मग काडी सावलीत पाच-सात दिवस सुकू द्यावी. टोकावर कोरडी खपली धरली की ती जेमतेम ओलसर वाळूत लावावी. ताजी काडी लगेच लावली तर ती ओल्या जखमेतून कुजते. काड्या फसण्याचे नेहमीचे कारण हेच.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ते टिपून घ्यावेत आणि आठवड्याने पुन्हा तपासावे.

आपल्या सदरात युफोर्बियाची माहिती येईल तेव्हा चिकाची सूचना फोटोखालीच, ठळक अक्षरांत द्यावी, ही विनंती. रोपे विकणाऱ्यांनीही कुंडीवरच्या पट्टीत 'कमी पाणी' याच्या जोडीला 'चीक डोळ्यांपासून दूर ठेवा' असे लिहावे.

आपला,
एक वाचक