फोंड्याला येतोयस, तर पावसातच ये

डिचोली, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझी बदली फोंड्याला झाल्याचं मी घरात वाचून दाखवलं आणि आईनं लगेच देवापुढं गूळ ठेवला. फोंडा म्हणजे आमच्या घरापासून तासाभराचा रस्ता. इतकी वर्षं डिसेंबरात दोन दिवस यायचास आणि कळंगुटच्या वाळूत पाय बुडवून परत जायचास. आता निदान तीन वर्षं तरी आमच्या तावडीत आहेस.

पण पुढचं वाक्य वाचून मला राहवलं नाही. लिहितोस, "जूनमध्ये येऊन काय उपयोग, पोरं चार महिने घरात कोंडून पडणार, फिरणं आता डिसेंबरातच." सुहास, असं करू नकोस. गोव्यात प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा महिना असतो, आणि तो महिना पाणी ठरवतं. कुठे नदी चढलेली हवी, कुठे उतरलेली. कुठे भरती हवी, कुठे ओहोटी. हे एकदा लक्षात आलं की वर्षातला एकही रविवार मोकळा जात नाही.

जूनमध्ये समुद्राकडे पोरांना फक्त लांबून बघायला ने. पाण्यात पाऊल टाकू देऊ नकोस, मग ते कितीही हट्ट करोत. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, बाजारात ताजी मासळी कमी. म्हणून मे संपायच्या आत वहिनींना सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, बांगडे, सोलं, मिरच्या भरून ठेवायला सांग. इथे या बेगमीला पुरुमेंत म्हणतात, आणि मडगावला त्याची फेस्तच भरते. 24 जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचं फेस्त. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून माणसं वाड्यावाड्यांतल्या विहिरींत उड्या टाकतात. शिवोलीला होड्या सजवून नदीत काढतात, ते पोरांना दाखव.

धबधब्यांच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. सत्तरीतले नि सांग्यातले वझर सुंदर आहेत, पण जंगलातलं पाणी वर कुठे पाऊस पडला की क्षणात चढतं, आणि दर पावसाळ्यात कुणाचं तरी मूल तिथं बुडतं. वनखात्याची परवानगी असेल तेव्हाच जा, आणि काठावरून बघ. लहान पोरांसाठी आमच्या तालुक्यातलं हरवळं बरं. रुद्रेश्वराच्या देवळाजवळ उभं राहून धबधबा समोर दिसतो, आणि जवळच जांभ्यात कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांना पांडवांची म्हणतात. आत लिंगं आहेत, त्यातल्या एकावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. बाहेर धो धो पाऊस, आत गुडूप अंधार, आणि टॉर्चच्या उजेडात ती अक्षरं. तुझ्या थोरल्याला हे आवडेल.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी काहीही करून माशेलला ये. फोंड्याहून जवळच आहे. देवकीकृष्णाच्या देवळात, जिथे बाळकृष्ण आईसोबत पुजला जातो, रात्रंदिवस भजन चाललेलं असतं. द्वादशीला त्याची सांगता झाली की सगळे समोरच्या मैदानात उतरतात, आणि चिखलकाला सुरू होतो. म्हातारे, पोरं, डॉक्टर, शेतकरी, सगळे अंगाला तेल लावून गुडघाभर चिखलात लोळतात, कृष्णाच्या लहानपणीचे खेळ खेळतात. जुने कपडे घालून ये, मागं उभा राहू नकोस. मी सोबत असेन.

मग चवथ. गणपतीवर जी माटोळी बांधतात, ती वहिनींनी जरूर बघावी. लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली फळं, फुलं, कंद, वेली. त्याआधी दोन दिवस फोंड्याच्या बाजारात खेड्यांतल्या बायका ती घेऊन बसतात. एकेकीला विचारत जा, हे काय, कुठे मिळतं. जंगल न बघता जंगलाची ओळख होते. आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या आमच्याकडेच खायच्या, हे आईनं लिहायला सांगितलंय.

तू ज्या गावात राहणार आहेस, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. म्हार्दोळची महालसा, मंगेशीचा मंगेश, कवळ्याची शांतादुर्गा, ही देवळं मूळची फोंड्याची नव्हेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज मुलखात देवळं पाडायला लागले, तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून आदिलशाहीच्या हद्दीत आणले. मंगेश कुठ्ठाळीहून आला, महालसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. फोंडा तेव्हा पलीकडचा मुलूख होता, म्हणून तिथं देव वाचले. तू नवरात्रात रात्री या देवळांत जा. फुलांनी सजवलेलं मखर, त्यात देवी, आणि वाद्यांच्या तालावर ते मखर हलवतात. बांदोड्याच्या नागेशीला मात्र दिवसा जा. तिथं 1413 चा शिलालेख आहे, सभामंडपात लाकडावर रामायण कोरलंय, आणि समोरची तळी इतकी शांत की पोरं आपोआप गप्प बसतात. शहरातच साफा मशीद आहे, 1560 ची, कौलारू छपराची. तिच्या तळीच्या भिंतीत लहान लहान कमानी कोरल्यात. संध्याकाळी चालत जाण्यासारखी जागा.

पण देव नदी ओलांडून आले म्हणजे काय, हे कळायला एक वाट आहे, आणि ती मी तुला स्वतः चालवणार. पावसानंतर, शेतं पिवळी पडायला लागतात तेव्हा. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की फेरीबोटीचा धक्का. बोट दिवाडी बेटावर सोडते. बेटावर पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे, तिथून सगळी मांडवी, खारफुटी आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. चर्चशेजारच्या दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे. आत जाऊन मान वर कर. छताचं नक्षीकाम कदंबांच्या काळातल्या देवळाचं आहे. पुढं बेटाच्या दुसऱ्या टोकाला सप्तकोटेश्वराची मूळ जागा. हा कदंब राजांचा कुलदेव, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव यायचं. देऊळ गेलं, पण कोटितीर्थ नावाची दगडी तळी अजून आहे, बाजूनं कोनाडे असलेली.

आणि तिथूनच दुसरी फेरीबोट नार्व्याला जाते. देवाला लोकांनी याच पाण्यावरून गुपचूप आमच्या डिचोलीच्या बाजूला आणलं. शिवाजी महाराज आले तेव्हा तो साध्या जागेत होता. महाराजांनी 1668 मध्ये देऊळ नव्यानं बांधायला सांगितलं, तो शिलालेख दारावर आहे. सुहास, मी तो दर वेळी हाताचं बोट अक्षरांवरून फिरवत वाचतो. देऊळ लहानच आहे, कौलारू उतरतं छप्पर, घुमट, पुढं दीपमाळ. डागडुजी होऊन 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. तुझ्या पोरांना महाराजांचा गड तर पुण्याजवळही दिसेल. त्यांनी परमुलखाच्या तोंडावर उभं केलेलं देऊळ बघायला मात्र इथंच यावं लागतं. अर्ध्या दिवसात, दोन होड्यांत, चारशे-पाचशे वर्षांचा प्रवास पोरं आपल्या पायांनी करतात.

त्याच दिवशी दिवाडीवर थोडा वेळ बांधावर काढ. खाजन शेती तू पाहिलेली नाहीस. भरतीला नदीचं पाणी खारं होतं, आणि शेत त्या पाण्याच्या पातळीखाली असतं. म्हणून मातीचे बांध घालून शेत राखतात आणि बांधात मानस बसवतात. मानस म्हणजे लाकडी दारं. भरती चढली की पाण्याच्या दाबानं ती आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. कुणी माणूस दार लावत नाही, उघडत नाही. ओहोटी सुरू होताना तिथं उभा राहा. आधी फटीतून नुसता फेस येतो, मग फळी किंचित हलते, आणि एकदम सगळं दार बाहेर झुकून गढूळ पाणी मोकळं होतं. तोंडाशी जाळं लावलेलं असेल तर त्यात सुंगटं उडताना दिसतात. बांध गावकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या राखले म्हणून ही जमीन आहे. आता बऱ्याच ठिकाणी कुणी बांध सांभाळत नाही, खारं पाणी आत शिरतं आणि शेताची दलदल होते. मला गोव्यात कुठलीही पडकी वास्तू बघून एवढं वाईट वाटत नाही, जितकं फुटलेला बांध बघून वाटतं. किल्ला पडला तर त्याचे दगड उरतात, बांध गेला की शेत जातं आणि ते राखण्याची विद्याही जाते.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला या, वाळवंटी नदीत रात्री सजवलेल्या होड्या सोडतात. जेवण आमच्याकडे.

हिवाळ्याचं तुला सांगायला नको, तेव्हा सगळेच येतात. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तेवढं चुकवू नकोस. रायबंदरहून पलीकडे गेलं की खारफुटीतून पायवाट आहे. भरती-ओहोटीची वेळ विचारून जा, चिखल उघडा असताना खेकडे, निवट्या आणि पाण्याकाठचे पक्षी जास्त दिसतात. जुन्या गोव्यात 3 डिसेंबरच्या, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची गर्दी ओसरली की जा, आणि बासिलिका बघून परत फिरू नकोस, टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा अर्धा उरलेला मनोरा बघ. 1931 मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला. तिथल्या अवशेषांत जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या, आणि 2021 मध्ये भारतानं त्यांचा काही भाग तिच्या देशाला दिला.

तांबडी सुर्लाला जानेवारीत जाऊ. मोल्याच्या रस्त्यानं आत, अभयारण्याच्या जंगलात, ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ. आपल्या गोव्यात जिथे बघावं तिथे तांबडा जांभा, आणि हे देऊळ मात्र काळ्या बेसाल्टचं. दगड घाटावरून आणलेला. बारा-तेराव्या शतकातलं, चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून उभं केलेलं. मंडपाच्या छतात कमळ आहे, ते बघायला पोरांना जमिनीवर उताणं झोपू दे. सकाळी लवकर पोचलो तर पूर्वेकडून येणारा उजेड थेट आत जातो. पावसात तिथं जळवा फार, म्हणून जानेवारी.

आणि जी जागा मला सगळ्यात प्रिय, ती उन्हाळ्यातली. रिवणजवळ पणसायमळ. कुशावती नदीच्या वळणावर जांभ्याचा सपाट कातळ आहे, आणि त्यावर इतिहासपूर्व काळातल्या माणसांनी चित्रं कोरलीत. 1993 मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. पावसाळ्यात नदी त्यांच्यावरून वाहते, म्हणून जून ते ऑक्टोबर तिकडे फिरकायचं नाही. फाल्गुन-चैत्रात, शिगम्याच्या आसपास, कातळ कोरडा असतो. सकाळचं तिरपं ऊन असेल तर रेषांत सावली भरते आणि एकेक जनावर वर येतं. वशिंडाचे बैल, हरणं, मोर, एक बाई. आणि एक गोल चक्रव्यूह, एकात एक फिरत गेलेल्या रेषांचा. त्याच्या कडेनं उकिडवा बसून नुसत्या नजरेनं रेषा धरून आत शिरायला लाग, किती वेळ गेला कळत नाही. पोरांना तिथं बूट काढायला लाव, आणि फोटोसाठी कुणी खडूनं रेषा भरत असेल तर हात जोडून थांबव. मी थांबवतो. काही जण चिडतात, बरेचसे ऐकतात.

येताना वाटेत काजूचा हंगाम असेल. बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवण्यासाठी केलेल्या कुंडात, पायांनी तुडवतात, चोथ्यावर वजन ठेवलं की थेंबथेंब गळतो तो नीरो. पोरांना पेलाभर पाज, ताजाच. हुर्राकाचं, म्हणजे काजूच्या दारूचं, आपण दोघं नंतर बघू.

आता कामाचं. भाड्याचं घर बघताना डोंगराच्या पायथ्याचं घेऊ नकोस, भिंतींना ओल येते. बांदोड्याच्या बाजूला दोन घरं माझ्या नजरेत आहेत, तू होय म्हणालास तर या रविवारी जाऊन बघून येतो. गाद्या आणि पुस्तकं जूनच्या आधी ट्रकनं पाठव, पावसात भिजली तर वाळायची नाहीत. शाळेच्या दाखल्यांच्या प्रती मला पाठव, मी चौकशी करून ठेवतो. छत्र्या तिकडून आणू नकोस, इथल्या वाऱ्याला टिकतील अशा इथंच घेऊ. वहिनींना आणि पोरांना आईचे आशीर्वाद. गाडी नक्की कुठल्या तारखेला निघते, ते लगेच कळव.

तुझा,
दत्ता